भरती चालते, मग रग्बी का नको?



जळगाव-धुळ्यात पालकांशी बोलायला बसलं की एक गंमत हमखास दिसते. मुलगी "मला भरती व्हायचंय" म्हणाली तर आता घरात फारसं कुणी आडवं येत नाही. वडील स्वतः जाऊन अकॅडमीची फी भरतात, भाऊ पहाटे मोटारसायकलवर मैदानावर सोडून येतो, आजी शेजारणीला कौतुकाने सांगते, "मनी नात फौजमा जाई राहिनी." तीच मुलगी चार दिवसांनी म्हणाली, "मला रग्बी खेळायचंय," की सगळ्यांचे चेहरे बदलतात. अंगावर पडून खेळतात तोच ना हा खेळ? दात पडला तर? त्यातून मिळणार काय? आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या आवाजात: चेहऱ्यावर व्रण राहिला तर स्थळ कोण आणेल?

बंदूक चालते, चेंडू चालत नाही.

मी आयुष्यभर शाळेत मुलींना खेळ शिकवला. पालकांनो, तुमची बाजू मला कळते. कापसाचा भाव पडला की घरात काय होतं, ते मला मुलींच्या पायांतल्या बुटांवरून समजायचं. जिथे पगार दिसतो तिथे होकार द्यायचा आणि बाकीचं नंतर बघू, हा विचार काही मूर्खपणाचा नाही. पण तुम्ही वर्दी एका बाजूला आणि मैदान दुसऱ्या बाजूला ठेवून विचार करता, तिथे मुलीचं नुकसान होतं. मैदानच पुष्कळदा वर्दीपर्यंत नेतं, आणि वर्दीमुळेच कितीतरी जणींना मैदान पुढे चालू ठेवता येतं.

आधी लांबचं उदाहरण सांगते. इंग्लंडला लागून वेल्स नावाचा छोटा देश आहे. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, ते तिथे रग्बीचं. एवढं असूनही तिथल्या राष्ट्रीय महिला संघातल्या खेळाडूंना पूर्णवेळ पगाराचे करार पहिल्यांदा मिळाले ते जानेवारी २०२२ मध्ये, आणि तेही फक्त बारा जणींना. त्याआधी देशाची जर्सी घालणाऱ्या बायका दिवसा कुठे ना कुठे नोकरी करत होत्या. बेथन डेन्टन ही त्यांच्यातलीच. ती ब्रिटिश सैन्यात होती आणि वेल्सकडून रग्बी खेळत होती. म्हणजे "खेळाने पोट भरतं का?" हा तुमचा प्रश्न तिथल्या आईबापांनाही चुकला नव्हता. सैन्यातल्या नोकरीमुळे पोटाचा प्रश्न सुटला आणि खेळही टिकला. फौजेला धावणारी, पडून उठणारी, दहा जणींबरोबर मिळून काम करणारी माणसं हवीच असतात. त्यामुळे खेळणाऱ्याला तिथे सवडही मिळते आणि मानही.

आता जवळ या. भुसावळला गाडीत बसलात की खंडवा, हरदा करत इटारसी येतं. त्या इटारसीची प्रीती रजक. वडिलांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान. मुलगी नेमबाज झाली, तीही ट्रॅप प्रकारातली. ट्रॅप म्हणजे हवेत भिरकावलेली मातीची तबकडी शॉटगनने फोडायची. हा खेळ स्वस्त नाही, एकेका काडतुसाला पैसे मोजावे लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये प्रीती खेळाडू म्हणून थेट हवालदार पदावर सैन्यात भरती झाली, कोअर ऑफ मिलिटरी पोलीसमध्ये. पुढच्याच वर्षी चीनमधल्या हांगझोऊच्या एशियाडमध्ये तिने ट्रॅपच्या सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती सुभेदार झाली. भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार. तिचा सराव चालतो महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरकडे निघालात की इंदूरच्या अलीकडे महू. म्हणजे तिचं माहेर आपल्या रेल्वेच्या वाटेवर आणि तिचं सरावाचं ठिकाण आपल्या रस्त्याच्या वाटेवर. इतकी जवळची गोष्ट, पण आपल्या पालकसभांमध्ये मी तिचं नाव कधी ऐकलं नाही.

तिच्याच कोअरमध्ये हरियाणाच्या भिवानीची जॅस्मिन लंबोरिया आहे, सैन्याने घेतलेली पहिली महिला बॉक्सर. २०२५ मध्ये लिव्हरपूलला ५७ किलो गटात ती जगज्जेती झाली. तोंडावर ठोसे खाण्याचा खेळ आहे हो तो. तिच्याही घरात कुणीतरी कधीतरी नाकाची काळजी केलीच असेल.

मुलांमध्ये तर आपल्याला शेजारचाच दाखला आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी भाग, विहिरी खणायची कामं केलेला मुलगा. २०१२ मध्ये फौजेत गेला तेव्हा नौकानयन हा खेळ असतो हेही त्याच्या गावी नव्हतं. पुण्यात सैन्याने त्याला होडीत बसवलं आणि चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला जाऊन तेरावा आला. हे फौजेने केलं. मुलींसाठी ते दार उशिरा उघडलं, एवढाच काय तो फरक. सैन्याच्या मिलिटरी पोलीसमधली जवान मुलींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरहून बाहेर पडली, ८३ जणींची. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ३० मे २०२५ ला. तुमची मुलगी आज चौदा-पंधरा वर्षांची असेल तर तिच्यापुढे जे रस्ते आहेत, ते तिच्या मावशीच्या वेळी नव्हतेच. म्हणून मावशीच्या अनुभवावरून तिला सल्ला देताना जरा जपून.

रग्बीबद्दल थोडं सांगते, कारण न बघता घाबरणारेच जास्त भेटतात. लंबगोल चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास द्यायचा तो मागच्या बाजूलाच. समोरची टीम तुम्हाला धरून खाली पाडणार, त्याला टॅकल म्हणतात. टॅकल खांद्याच्या रेषेखालीच करायचा. मानेला, डोक्याला हात गेला की शिक्षा. पंधरा जणींचा खेळ असतो आणि सात जणींचाही. सातचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, आणि तोच २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडे गावोगाव कबड्डी आहे. जिने चांगली पकड केलीय, तिला टॅकल शिकवायला फार दिवस लागत नाहीत. कमरेला मिठी मारून खाली पाडायचं, हे तिला आधीच येतं. हा मला खान्देशी मुलींचा मोठा फायदा वाटतो, आणि आपण तो वाया घालवतो आहोत.

भारताचा पंधरा जणींचा महिला संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला २०१८ मध्ये. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरूचा. ती शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली. पुढच्याच वर्षी मनिलामध्ये या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. शेवटच्या क्षणांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टीची किक मारली आणि भारताला या प्रकारातला पहिला विजय मिळाला. कॅप्टन शिकलेली, स्वतःचा व्यवसाय असलेली. सुमित्रा आश्रमशाळेसारख्या निवासी संस्थेत वाढलेली. हा खेळ कोणत्या घरातल्या मुलीचा, याचं उत्तर त्या एका संघातच मिळतं.

आता लागण्याबद्दल. लागतं. खोटं सांगणार नाही. गुडघे सोलतात, बोटं मुरगळतात, क्वचित हाड मोडतं. मुलींच्या गुडघ्यातली सांध्याची दोरी तुटण्याची भीती मुलांपेक्षा जास्त असते, म्हणून उडी मारून नीट उतरायला शिकवणारा आणि मांड्या-पोटऱ्यांचे व्यायाम करून घेणारा कोच हवा. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही, हा शाळा-क्लबांच्या रग्बीचा जगभरचा नियम आहे. कोचला पहिल्याच भेटीत हेच विचारा: "डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता?" तो हसून "काही होत नाही हो, पोरी दणकट आहेत" म्हणाला, तर दुसरा कोच शोधा. मी इतकं स्पष्ट सांगते, कारण या एका उत्तरावरून माणूस कळतो.

दातांची काळजी आहे ना, तिचा उपाय तुमच्याच ओट्यावर होतो. खेळाच्या दुकानात साधा माउथगार्ड मिळतो. गरम पाण्यात टाकून मऊ करायचा, मग तोंडात घेऊन वरच्या दातांवर चावून बसवायचा, गाल आत ओढायचे, बोटांनी बाहेरून दाबायचं. पहिल्यांदा करताना मुली हसतात, लाळ गळते, बोबडं बोलतात, आणि आई चहाचं पातेलं या कामाला घेतलं म्हणून ओरडते. पण गार झाला की तो तिच्याच दातांचा साचा झालेला असतो. गिरणीतून दळण आणताना पिशवी विसरली तर परत पाठवता ना? तसंच माउथगार्ड विसरली तर त्या दिवशी तिला खेळू देऊ नका.

आता पगाराचं बोलू. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, आणि इथे अर्धवट माहिती फार फिरते.

अग्निवीर म्हणून मुलगी सैन्यात गेली तर ती मिलिटरी पोलीसमध्ये जाते. सध्याच्या निकषांनुसार उंची १६२ सेंटिमीटर, दहावी पास, अविवाहित. धावणं १.६ किलोमीटर, साडेसात मिनिटांत पूर्ण केलं तर पहिल्या गटात. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के निधीत जातात आणि हातात २१,००० येतात. चार वर्षांनी निधी मिळतो, सरकारच्या वाट्यासह आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम करतात. "पोरगी फौजेत लागली" म्हणून पेढे वाटा, जरूर वाटा, पण चौघींतल्या निदान तिघी पंचविशीच्या आसपास घरी परत येणार आहेत, हे आज डोळे उघडे ठेवून बघा. त्या चार वर्षांत ती शिक्षण पुढे नेणार की नाही, याची बोलणी ती जाण्याआधी करा.

आणि इथेच खेळाचं वजन कळतं. सैन्यात गुणवान खेळाडूंना हवालदार आणि नायब सुभेदार या पदांवर थेट घेतात. प्रीती रजक याच वाटेने गेली. ही अग्निवीराची चार वर्षांची वाट नव्हे, नियमित नोकरी. त्यासाठी राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते आणि कोणते खेळ घेतले आहेत ते त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघावं लागतं. सगळ्याच मुली तिथवर पोचणार नाहीत, हे मलाही कळतं. पण भरती जवळ आली म्हणून जिचा खेळ तुम्ही बंद करता, ती मात्र नक्कीच पोचणार नाही. "आता खेळ पुरे, भरतीची तयारी कर" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! अहो, चांगली चाललेली तयारीच तुम्ही बंद करताय.

उंची १६२ भरत नसेल तर? आपल्याकडे पुष्कळ मुलींची भरत नाही. दाराच्या चौकटीला उभं करून, पाय जुळवून, केसांचा अंबाडा सोडून एकदा प्रामाणिकपणे मोजा. अकॅडमीवाला "होऊन जाईल" म्हणतो त्यावर जाऊ नका, उंची फीने वाढत नाही. महाराष्ट्र पोलिसांत मुलींना १५५ सेंटिमीटर चालते. तिथे ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे आणि राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के. धुळ्यात तर पोलीस प्रशिक्षण केंद्रच आहे. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग न ओळखता येणं, हातावर गोंदलेलं, या गोष्टी डॉक्टरांकडून आधीच बघून घ्या. वर्षभर राबल्यावर वैद्यकीय तपासणीत हे कळलं की मुलगी खचते, आणि तेव्हा घरातलं कुणीच तिच्याशी नीट बोलत नाही.

प्रमाणपत्रांचंही ऐकून ठेवा. खेळाच्या आरक्षणासाठी प्रमाणपत्र नुसतं असून भागत नाही, त्याची पडताळणी होते. आपल्याला त्यासाठी नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे जावं लागतं. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, तिच्या वयोगटाची होती का, किती संघ उतरले होते, हे सगळं बघतात. दोन-तीन हजार घेऊन "नॅशनलचं सर्टिफिकेट" देणारे लोक फिरतात. राज्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडी पडली आहेत आणि नोकऱ्या गेल्या आहेत. मूळ प्रमाणपत्राला कौतुकाने लॅमिनेशन करून आणू नका; शिक्का आणि सही नीट तपासता आली पाहिजे. संघटनेचा स्पर्धा-अहवाल, संघाची यादी, वर्तमानपत्राचं कात्रण, सगळं एका फाइलला लावा. हे काम तिचं नाही, तुमचं आहे. ती पळते आहे, तुम्ही फाइल सांभाळा.

आता जरा घरात येऊ. इथे मला भांडायचंच आहे.

मुलीला तुम्ही खेळायला "जाऊ दिलं" म्हणता. सोडलंत, उपकार झाले. पण पहाटे नळाला पाणी आलं की कोण उठतं? आपल्याकडे नळ रोज येत नाही, आला की घरातली एक बाई त्याच्यामागे लागते, आणि ती बाई पुष्कळदा सोळा वर्षांची असते. तिने पाणी भरायचं, मग जळगावात मेहरूणच्या रस्त्यावर किंवा कवायत मैदानावर धावायला जायचं, येऊन डबा, मग कॉलेज, संध्याकाळी टॅकलचा सराव, आणि रात्री भांडी. तिचा भाऊ त्याच भरतीची तयारी करत असेल तर तो धावून आल्यावर झोपतो. आई त्याला दोन अंडी उकडून देते. मुलीला विचारलं तर म्हणते, "मला आवडत नाहीत." खरंच आवडत नाहीत का, ते तिला एकटीला विचारा.

तिला धावताना धाप लागते, पाय गळतात, तर कोचला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी जास्त जात असेल तर डॉक्टरांकडे न्या. "व्यायामाने होतं" म्हणून सोडू नका. महागड्या पावडरीच्या डब्यांना हात लावायची गरज नाही. कळण्याची भाकरी आपल्याकडे आहे, तिच्यात ज्वारीसोबत उडीद असतो. शेंगदाणे आहेत, हरभरे आहेत, रावेर-यावलची केळी तर दारात येतात. प्रश्न पदार्थांचा नाहीच. तिच्या ताटात किती पडतं आणि ती किती वाजता जेवते, एवढाच आहे. सराव करून साडेसातला आलेली मुलगी सगळे पुरुष जेवून होईपर्यंत थांबत असेल, तर तुमचा सगळा पाठिंबा तिथेच संपतो. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा सकाळी आठनंतर कुणी पळवत असेल तर त्याला जाऊन थांबवा. तिथे लाजू नका.

बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना बरोबर कोण बाई आहे, मुली राहणार कुठे, खोलीची चावी कुणाकडे, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. चांगला कोच या प्रश्नांनी दुखावत नाही. दुखावला तर तेवढ्यावरूनच निर्णय घ्या. मुलीला मात्र असं सांगून पाठवू नका की "काही झालं तर खेळ बंद." हे ऐकलेली मुलगी काही झालं तरी घरी सांगत नाही. तिला सांगा, "काहीही झालं तरी सांग, खेळ चालूच राहील." या वाक्यावर तुम्ही टिकलं पाहिजे.

लग्नाचं बोलल्याशिवाय आपल्याकडे कुठलीच गोष्ट पुरी होत नाही, म्हणून तेही बोलू. अग्निवीर झालेल्या मुलीला त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही, तसं लिहूनच द्यावं लागतं. म्हणजे बारावीनंतर गेलेली मुलगी बावीस-तेवीसपर्यंत तरी मोकळी. मला तर हा या नोकरीचा सगळ्यात मोठा भत्ता वाटतो. हसू नका. माझ्या वर्गातल्या कितीतरी चांगल्या खेळाडू दुखापतीने गेल्या नाहीत. त्या गेल्या मार्गशीर्षात किंवा वैशाखात, पत्रिका छापून.

"लोके काय म्हनतीन?" हा प्रश्न तर मला तोंडपाठ आहे. लोकांचं सोडा, आपल्या जळगाव जिल्ह्याचंच सांगते. बोदवडजवळच्या नाडगावला १९३४ साली एक मुलगी जन्मली. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात ती टेबल टेनिस खेळायची, कॉलेजकडून सामने जिंकायची. त्या काळात. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाली. २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई लढाऊ विमानात बसून आकाशात गेली, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची आणि तिन्ही दलांची सर्वोच्च सेनापती होती. तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील. लोक तेव्हाही काहीतरी म्हणालेच असतील. काय म्हणाले ते आज कुणाला आठवत नाही. प्रत्येकीने राष्ट्रपती व्हावं असं काही माझं म्हणणं नाही. राजकारणातले लोक हे नाव भाषणात घेतात आणि घरी जाऊन पुतणीची कबड्डी बंद करतात, त्याचा राग येतो, एवढंच.

एक राहिलं. दोन-तीन वर्षं सगळं नीट चाललं, तुम्हीही आता मैदानावर येऊन बसायला लागलात, नातेवाइकांना तिचे फोटो पाठवायला लागलात, आणि एक दिवस मुलगीच म्हणाली, "मला सोडायचंय." असं होतं. पुष्कळदा होतं. त्या रात्री काही बोलू नका. "एवढा खर्च केला" हे तर अजिबात नको. ती आठवडाभर झोपू दे, खाऊ दे. मग गुडघा एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा, आणि कोचशी बोला, तेही तिच्यासमोर, तिच्या पाठीमागे नाही. मैदानावर कुणी त्रास देतंय का, ते आईने एकटीने विचारावं. टीममधली जागा गेली म्हणून रुसली असेल तर ते दोन दिवसांत कळतं. एवढं सगळं करूनही ती सोडतेच म्हणाली तर सोडू द्या. तिच्या नावावर पुढच्या भरतीचा फॉर्म तुम्ही परस्पर भरू नका. भरायचा असेल तेव्हा ती तुमच्याकडे येऊन फाइल मागेल. फाइल तेवढी जागेवर ठेवा.